मोजून झालं?

“व्हायोलिन वाजवायला आलेत की आचाऱ्याची भांडी मोजायला?” माझ्या मागच्या खुर्चीवरच्या बाई पुटपुटल्या.

समोर सतरंजीवर काका त्यांच्या वस्तू मांडत होते. गज, राळेचा खडा, दोन सुट्या तारा, मऊ फडकं. बोटानं पाच मोजल्या, स्वतःशीच “मोजून झालं” म्हणाले आणि मग व्हायोलिन खांद्याला लावलं. कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळात रविवारी सकाळी बैठक असायची, आणि दर वेळी हे असंच व्हायचं. माझ्याखेरीज बहुतेक सगळे हसायचे. मी त्या दिवशी हसण्याच्या स्थितीत नव्हतेच. माझ्या मुठीत एक चिठ्ठी होती.

काका सख्खे नव्हेत, मंडळातले; दमदमच्या विमानतळावर इंजिनिअर होते. आसामच्या चहाच्या मळ्यांना सामान नेणारी डाकोटा विमानं त्यांच्या सहीशिवाय जमीन सोडत नसत. माझे वडील गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत. काकांच्या शब्दावर मला हँगरमध्ये अवजारांच्या कोठीत कारकुनी मिळाली होती. सियालदहहून दमदमपर्यंत आम्ही एकाच गाडीनं जायचो. गर्दीत उभ्याउभ्या त्यांच्या डाव्या हाताची बोटं छत्रीच्या दांड्यावर सूर दाबत असायची. उतरताना विचारायचे, “मोजून झालं?” म्हणजे डबा, छत्री, पास.

शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी अडखळायचं. मंडळातल्या मुली हसायच्या, म्हणून मी गप्प राहायला शिकले होते. मी वाक्यात अडकले की बाकीचे मदत म्हणून ते पुरं करून टाकायचे. काकांनी माझं एकही वाक्य कधी पुरं केलं नाही. ते थांबायचे. तार सुरात येईपर्यंत थांबावं, तसे.

कोठीत भिंतभर फळी होती. तिच्यावर प्रत्येक अवजाराची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली, आणि अवजार त्या आकृतीवर टांगलेलं. फिटरनं अवजार नेलं की त्या खिळ्याला आपला पितळी बिल्ला अडकवायचा. संध्याकाळी मी मोजायचं, “मोजणी पूर्ण” म्हणून सही करायची, आणि ती पाहून काका विमानाच्या कागदावर सही करायचे. काकांनी घरीही व्हायोलिनसाठी भिंतीवर तशीच आकृती रंगवली होती. काकू म्हणायच्या, “नशीब, माझी नाही काढली!”

त्या शनिवारी एक आकृती रिकामी होती. लांब दांड्याचा छोटा आरसा, दंतवैद्याकडे असतो तसा. बिल्लाही नव्हता.

“कुणाच्या तरी खिशात असेल, दीदीमणी,” आमचे बडोबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणाले. “सोमवारी येईल. करा सही, मला बजबजची गाडी गाठायचीय.”

मी सही केली.

विमान रविवारी दुपारी निघणार होतं. सकाळपासून मी काकांना सांगायला तोंड उघडत होते आणि मिटत होते. शेवटी ते रंगात आलेले असताना मी उठले आणि चिठ्ठी त्यांच्या गुडघ्याजवळ ठेवली. इंग्रजीत दोनच वाक्यं. एक आरसा कमी आहे. मी सही केली आहे.

गज चालू असतानाच त्यांनी ती वाचली. गज थांबला. “माफ करा मंडळी, एक गोष्ट मोजायची राहिलीय.” आणि व्हायोलिनची पेटी बंद करण्याआधी त्यांनी त्या पाच वस्तू पुन्हा मोजल्या! मला किंचाळावंसं वाटत होतं.

आम्ही टॅक्सीनं पोचलो तेव्हा विमानात खोकी चढत होती. काकांनी उजव्या इंजिनावरचं झाकण उघडायला लावलं. आरसा आतच होता, इंजिनाचा वेग कमीजास्त करणाऱ्या सळईला टेकून. उडताना सळई हलवली असती तर अडकलीच असती. त्यांनी तो फडक्यानं पुसला, व्हायोलिनच्याच फडक्यानं, आणि माझ्या हातात दिला. “जा, टांग.”

उशिराचं कारण लिहिताना बडोबाबू माझ्याकडे बघत होते. काका म्हणाले, “माझं नाव लिहा. शेवटची सही माझी आहे.”

परतीच्या गाडीत ते मला एवढंच म्हणाले, “चिठ्ठी बरी होती, पोरी. पण मी नसतो, तर कुणाला दिली असतीस?”

ते नेहमीसारखे थांबले. सियालदह आलं तरी थांबलेलेच होते.

पुढे त्यांची बदली बंगलोरला झाली. सामान बांधायला मी काकूंच्या मदतीला गेले. भिंतीवर व्हायोलिनची पांढरी आकृती तेवढी उरली होती आणि खिळ्याला काकांचा पितळी बिल्ला लटकत होता. मी बघतेय हे पाहून काका हसले. “नेलंय मी. हरवलेलं नाही.” निघताना तो बिल्ला त्यांनी मला दिला.

वर्षभरात बंगलोरहून काकूंचं पत्र आलं. काका गेले होते. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचे आभार मानायचे राहूनच जातात. मी पत्र तीनदा वाचलं, बिल्ला पर्समध्ये टाकला आणि कामावर गेले.

त्याच आठवड्यात फळीवरची एक पकड कमी भरली. खिळ्याला बिल्ला नव्हता. हँगरच्या दारात विमान उभं, फिटर इंजिनाच्या पंख्याशी तयार, काकांच्या जागी आलेले नवे साहेब घड्याळ बघत होते. बडोबाबूंनी माझ्यापुढे वही सरकवली. “करून टाका, दीदीमणी.”

मी पेन खाली ठेवलं आणि दारापर्यंत चालत गेले. तिथल्या एकालाही मराठी येत नव्हतं, पण त्या क्षणी मला दुसरी भाषा आठवेना. माझा आवाज पत्र्याच्या छपरावर आपटून परत आला, आणि सगळ्यांचे हात जिथल्या तिथे थांबले.

“मोजून झालेलं नाही! विमान जाणार नाही!”