दाबून धरलंय, बोल तू

माझं पोस्टिंग तेव्हा सीमेवरच्या एका डोंगरी पोस्टवर होतं. मी सिग्नलचा नायक, मूळचा मुलुंडचा. ड्रायव्हर लान्स नायक तांबे गोरेगावचा. बंकरमधला आमचा वायरलेस सेट बाहेर उभ्या जिप्सीच्या बॅटरीवर चाले. रोज सकाळी फर्स्ट परेडला, म्हणजे गाडीच्या तपासणीला, तांबे बॉनेट उघडायचा. तेल, पाणी बघायचा, बॅटरीचे टर्मिनल पुसून व्हॅसलीन लावायचा.

मी चिडवायचो, "बायकोला एवढं जपतोस का रे?"

"बायको कधी बंद पडत नाय. बॅटरी पडते."

एका सकाळी आमची गस्त नाल्यात उतरली आणि पलीकडून तोफा सुरू झाल्या. वरच्या चौकीने फोनवर कळवलं, नाल्यात पुढे अँबुश आहे, शत्रू दबा धरून बसलाय. मी हँडसेट उचलला.

"टायगर वन, मागे फिरा. पुढे..."

सेट बंद. बाहेर गोळा पडला होता आणि हादऱ्याने बॅटरीच्या टर्मिनलवर वायर धरून ठेवणारा क्लॅम्प तुटला होता. आपली माणसं मरणाच्या तोंडी चाललेली आणि माझ्या हातात मुका हँडसेट. तांबे केव्हा बाहेर धावला, मला कळलंही नाही. एकदम सेटमध्ये खरखर आली.

"दाबून धरलंय! बोल तू!" तो जिप्सीपासून ओरडला.

"टायगर वन, पुढे अँबुश. मागे फिरा. ओव्हर."

"रॉजर. मागे फिरतोय."

मग दुसरा गोळा पडला. सेट पुन्हा बंद झाला. बाहेर जाऊन बघण्याआधीच मला कळलं होतं.

गस्तीतला एकूण एक जण परत आला.

आता मी मुलुंडला असतो. फौजी म्हणून सोसायटीत सगळे मलाच विचारतात, कुठली बॅटरी घेऊ? मी सांगतो, गाडीला लागते तेवढ्याच क्षमतेची घ्या, बनवल्याचा महिना बघून ताजी घ्या आणि क्लॅम्प घट्ट बसवा. शेजारच्या सावंतने बॅटरी नवी घेतली, क्लॅम्प जुनाच ठेवला. परवा पार्किंगमध्ये गाडी सुरू होईना. बायको स्टिअरिंगवर, हा बॉनेटखाली.

"दाबून धरलंय गं! मार सेल्फ!"

"हात काढ! आधी हात काढ!" मी केवढ्याने ओरडलो!

"काका, बारा व्होल्ट तर आहे. काय होतंय?"

मीच नवा क्लॅम्प आणला, पान्याने आवळला, व्हॅसलीन लावलं. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं. सावंत खूश होऊन निघायच्या घाईत होता. मी मात्र बॉनेटवर हात ठेवून उभाच राहिलो. तांबे गेला, ते मला सेटचा आवाज बंद पडल्यावर कळलं होतं. म्हणून आवाज चालू असला, की मी ऐकत थांबतो.