दोन शब्दांचं वचन

आमच्या घरात दर रविवारी फळा पुसला जायचा. वडूजजवळच्या एका गावात बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी त्याच शाळेच्या खोलीत उपासना चालवायचे. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी त्यांनी एक छोटा फळा टांगला होता. उपासनेहून परत आलं की घरातल्या एकानं बायबलमधलं वचन निवडून त्यावर लिहायचं. त्यासाठी पाळ्या लावलेल्या होत्या. ते वचन मग आठवडाभर तिथंच. दळताना, पाणी भरताना, वेणी घालताना ते मनात घोळवायचं आणि संध्याकाळी प्रार्थनेला बसलं की बाबा विचारायचे, "आज काय सापडलं?" काहीतरी सांगावंच लागे. त्यांना स्वतःला हा प्रश्न कुणी विचारत नसे.

अशा घरात फार शांती नांदत असेल असं लोकांना वाटतं. मला तरी तो घरी आणलेला शाळेचा अभ्यास वाटायचा. आईचं तसं नव्हतं. ती आष्ट्याकडची, नदीकाठची. मेंढपाळाच्या स्तोत्रातलं संथ पाणी फळ्यावर आलं की ती म्हणायची, "ह्ये कळायला माझ्या म्हायेरी याया पायजे. हितं पाणीच न्हाई, ते संथ कवा व्हायचं?" आम्ही हसायचो. बाबा हसत नसत. त्यांचं बोलणंही छापल्यासारखं शुद्ध असायचं. आई, भाऊ आणि मी गावासारखं बोलायचो, पण बाबांच्या तोंडून गावचा शब्द मी ऐकलेला नव्हता.

थोरला भाऊ फौजेत होता. आमच्या गावात घरटी एकजण तरी फौजेत असायचाच, त्यात आमचंही घर आलं. भाऊ भारी थट्टेखोर. "काय सापडलं?" म्हटलं की तो पोटावर हात फिरवून सांगायचा, "भूक सापडली, बाबा." ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाण्याआधी तो रजेवर आला आणि जायचा दिवस नेमका रविवारचा निघाला. वचन लिहायची पाळीही त्याचीच. साताऱ्याची मोटार तेव्हा पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशावर चालायची आणि वेळेवर कधी म्हणजे कधी सुटायची नाही, पण आज ती नक्की सुटेल अशी आईला धास्ती. ती दारात उभी राहून घाई करत होती. भावानं खांद्यावर पिशवी अडकवली, खडू घेतला आणि मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'येशू रडला.'

बायबलमधल्या सगळ्यात लहान वचनांपैकी ते एक. मिशनच्या शाळेतल्या प्रत्येक आळशी पोराला ते पाठ असतं. बाबा चिडले. "वचनाची थट्टा करू नये. दोन शब्दांवर आठवडाभर काय चिंतन करायचं?"

"वचनच हाय की, बाबा," भाऊ म्हणाला. "शास्त्रातलंच हाय." तो हसत हसत निघून गेला. मोटार त्या दिवशीही उशिराच सुटली.

पुढच्या रविवारी आईनं फळा पुसू दिला नाही. "त्यो येईस्तवर ऱ्हाऊ द्या. तुमचं खाली ल्ह्या." बाबांनी वाद घातला नाही. ते आपली वचनं खालच्या उरलेल्या जागेत लिहू लागले. बाबांना लांबलचक वचनांची आवड, त्यामुळे अक्षरं मुंग्यांएवढी व्हायची आणि शेवटचे शब्द चौकटीवर चढायचे.

नंतर तार आली. भाऊ लढाईत मेला होता. तिकडंच कुठंतरी पुरलं होतं.

आमच्या गावात कुणी गेलं की बायका त्या घरी जमतात, एकमेकींच्या गळ्यात पडतात, गेलेल्याचे गुण सांगत मोठ्यानं रडतात. आम्ही ख्रिस्ती झालेल्या लोकांनी ते सोडलं होतं. विश्वास ठेवणाऱ्यानं आशा नसलेल्यांसारखं रडू नये, असं बाबा मानायचे आणि शिकवायचे. शेजारच्या सुभेदारांची बायको धावत आली, तिनं आईला मिठी मारून हंबरडा फोडला, तशी बाबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. ती बिचारी हंबरडा अर्धा ठेवून हात जोडून बसली. प्रार्थना संपल्यावर बाबांनी गीत म्हणायला लावलं. पुढच्या रविवारी त्यांनी पुनरुत्थानावर उपदेश केला. आवाज जराही कापला नाही. मंडळींनी फार वाखाणलं. मला मात्र त्या दिवशी बाबांचा राग आला. तसा राग मला त्यांचा कधीच आला नव्हता.

आई रडली नाही. ती बोलायचीही थांबली. जेवायला बसली की भाकरीचा तुकडा मोडायची आणि ताटातच ठेवायची. जात्यावर बसली की धान्य संपलं तरी रिकामं जातं फिरवत राहायची. मी जाऊन तिचा हात धरायची. साताऱ्याहून, सांगलीहून मिशनची माणसं भेटायला आली. प्रत्येकानं सांत्वनाचं एकेक वचन आणलं होतं, पाहुणे खाऊ आणतात तसं. आई ऐकून घ्यायची आणि फळ्याकडं बघत बसायची. माझी आई खुळी होणार, अशी मला भीती वाटत होती. बाबांनाही वाटत असावी, कारण त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "ती तुझ्याशी तरी काही बोलते का?"

सुभेदारीणबाई रोज यायची. एके दिवशी तिला राहवलं नाही. "आवं मास्तर, तिला रडू द्या की वो. पोटचा गोळा गेलाय. तुमच्या देवाला रडल्यालं चालत न्हाई व्हय?"

"आमचा मुलगा प्रभूकडे आहे," बाबा म्हणाले. आईनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून आम्ही उजेड असतानाच प्रार्थनेला बसायचो. एका संध्याकाळी बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी ठरलेलं काहीतरी सांगितलं. आईला ते हल्ली वगळायचे, पण त्या दिवशी ती आपण होऊनच बोलली. आवाज घोगरा झाला होता.

"मला वरचं सापडलं," ती म्हणाली. "येशूचा दोस्त मेला हुता. थडग्यापाशी गेला. आता हाक मारायची आन दोस्त उठून भाईर येणार, ह्ये त्याला ठावं हुतं. व्हय न्हवं?"

"हो," बाबा म्हणाले.

"मग तरीबी आधी रडला. का रडला? त्याचा इस्वास कमी हुता?"

बाबांनी शास्त्राचं पुस्तक मांडीवर मिटलं, पुन्हा उघडलं. आणि आई रडायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं, भावाचं नाव घेऊन, त्याच्या खोड्या सांगत, अगदी गावातल्या बायका रडतात तशी. सुभेदारीणबाई भिंतीपलीकडून ऐकून आली आणि तिचा राहिलेला हंबरडा तिनं पुरा केला. मीही रडले. बाबा उठून अंगणात गेले.

त्यानंतर आई जेवू लागली. दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. ते ती सांगलीला माझ्या घरी वारली तोवर तिच्याजवळ होतं. पण तिच्या चेहऱ्यावर एक निवांतपणा आला. दळण संपलं की ती जातं थांबवायची. मधूनच डोळे भरून आले तर पदरानं पुसायची आणि हातातलं काम पुढं चालू. वचन घोळवणं म्हणजे काय, हे मला तिच्याकडं बघून कळलं. पुढं मीही ते करत राहिले, फळ्याशिवाय.

काही दिवसांनी एका रविवारी उपासनेहून आल्यावर ती बाबांना म्हणाली, "आवं, आता पुसा त्यो फळा."

बाबांनी फडकं ओलं करून आणलं. खालचं, त्यांचं स्वतःचं मुंग्यांएवढं वचन त्यांनी पुसलं. मग हात वर नेला आणि तो तिथंच राहिला. ती वाकडी अक्षरं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. फडक्याचं पाणी कोपरावरून खाली गळत होतं. मी पाठीमागं होते, मला त्यांचे खांदे हलताना दिसले. मग ते उंबऱ्यावर बसले आणि तोंडावर ओलं फडकं धरून रडले. आईनं प्रार्थना सुरू केली नाही की गीत म्हटलं नाही. ती त्यांच्या शेजारी बसून राहिली.

बऱ्याच वेळानं तिनं त्यांच्या हातातून फडकं घेतलं आणि फळा स्वतः पुसला. एका झटक्यात नाही, एकेक अक्षर. मग खडू त्यांच्या हातात दिला. हल्ली दर रविवारी पाळी बाबांचीच असायची. त्यांनी डोळे पुसले आणि आपल्या वळणदार, सुबक अक्षरात लिहिलं, 'येशू रडला.' खाली भरपूर जागा मोकळी राहिली.

संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. या वेळी आईनंच त्यांना विचारलं, "तुमाला काय सापडलं?"

बाबा फळ्याकडं बघत होते.

"वचनच हाय की गं," ते म्हणाले.