ताईचा फिल्टर

घरातली एक मुलगी परदेशात असली की तब्येतीचे किस्से आपोआप साठत जातात. ताई जर्मनीत आहे, आम्ही झाशीत. बाबा रेल्वेतून रिटायर. मी बी.एस्सी. अर्धवट सोडून घरी, म्हणून रविवारी तिचा फोन स्पीकरवर टाकायचं काम माझं. सगळं ऐकायचं, बोलायचं नाही.

*

पहिल्याच थंडीत ताईला ताप आला. तिथल्या डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, आराम करा, गरम चहा प्या.

‘गोळी?’ बाबांनी विचारलं.

‘नाही दिली.’

‘इंजेक्शन?’

‘नाही हो बाबा.’

बाबा माझ्याकडे वळले. ‘चहा तर सदर बाजारातही मिळतो. त्यासाठी इतक्या लांब गेली?’

*

पुढच्या रविवारी शेजारचे अप्पाकाका आले. आयुष्यभर हिशेबाच्या ऑफिसात होते, पण सल्ला सगळ्या रोगांवर देतात.

‘बेटा, अँटिबायोटिक घे. ताप उतरला की बंद. उरलेल्या पुढच्या तापाला.’

‘काका, इथे चिठ्ठीशिवाय देत नाहीत.’

‘अरेरे,’ काका म्हणाले, ‘फारच मागासलेला देश.’

*

एकदा ताई सहज बोलून गेली की तिथलं नळाचं पाणी तसंच पितात. ती तर बाथरूममधल्या नळावरच बाटली भरते.

आईने विचारलं, ‘न्हाणीतलं?’

‘आई, पाइप एकच असतो गं.’

‘पाइप असेल एक. न्हाणी ती न्हाणी.’

आमच्याकडे प्यायच्या पाण्याचा हंडा वेगळा. हात धुतल्याशिवाय कोणी शिवायचं नाही. तो हंडा भरतो गच्चीवरच्या टाकीतून आणि त्या टाकीला कित्येक वर्षं झाकण नव्हतं. पण टाकी गच्चीवर, न्हाणीत नाही. म्हणजे शुद्धच!

*

मागे ताई लेकीला, चिकूला, घेऊन आली. तिने उकळलेलं पाणी मागितलं आणि आईचा चेहरा पडला. मग ताईने मुकाट्याने हंड्यातलं घेतलं, चिकूलाही पाजलं. दोघींना सिव्हिल लाइन्समधल्या नर्सिंग होममध्ये सलाइन लागलं. चिकूच्या हाताला शीर सापडेना.

अप्पाकाका बघायला आले. ‘परदेशाने पोटं नाजूक करून टाकली.’

‘टाकीला झाकण नाही,’ मी म्हटलं.

‘आम्ही पितो ना?’ बाबा म्हणाले. ‘मेलो का?’

परत जाताना स्टेशनवर ताई फक्त मला म्हणाली, ‘पुन्हा हिला कशी आणू रे?’

ती होती तोवर घरात मला कोणीतरी ‘जेवलास का’ विचारत होतं. चिकूच्या छोट्या चपला पलंगाखाली राहिल्या. केर काढताना आई त्या उचलते आणि परत तिथेच ठेवते.

झाकण मी बसवलं. गाळ मात्र बाबांनी काढू दिला नाही. ‘टाकीभर पाणी वाया जाईल,’ म्हणे.

*

मग एक दिवस बाबाच स्कूटरवरून स्टीलचा फिल्टर घेऊन आले. आत पाणी गाळणाऱ्या पांढऱ्या कँडल. ओट्यावर ठेवला. आई तो रोज पुसते, भरत मात्र नाही. ताई दर रविवारी म्हणते, ‘बघते, या थंडीत यायचं जमवते.’

यंदा बाबांना कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, ‘बाबूजी, अब पानी फिल्टर का ही पीजिए.’

घरी आल्याबरोबर मी हंडा उचलला आणि फिल्टरचं झाकण काढलं. पिवळ्या डोळ्यांनी बाबा बघत होते. उठून त्यांनी माझं मनगट धरलं.

‘मला हंड्यातलंच दे.’

‘डॉक्टर काय म्हणाले?’

‘ऐकलं मी,’ बाबा म्हणाले. ‘चिकू यायच्या आधी कँडल झिजायला नको.’