आमच्या बँडमध्ये कोणी गात नाही

माझी लेक रेवा शाळेत बोलत नाही, या एका गोष्टीने मागच्या वर्षी माझी झोप उडवली होती. घरी तोंड क्षणभर बंद होत नाही, आणि शाळेत एक अक्षर नाही! शू लागली तरी बाईंना सांगायची नाही, ओली होऊन घरी यायची. कान तपासून झाले. डॉक्टर म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. अनोळखी लोकांत घाबरते. चार माणसांत नेत जा, पण बोल बोल म्हणून मागे लागू नका."

मागे न लागणं मला या जन्मात तरी जमलेलं नाही.

आणि माझ्याकडची चार माणसं म्हणजे आमचा ऑडियन्स! मी कीबोर्ड वाजवते, अमोल बास गिटार, मरोळचा क्लेटन ड्रम्स. जॅझ आणि ब्लूज, नुसतं वाद्यांवर. गाणारं कोणी नाही. "आईच बिनशब्दांचं वाजवते, मग पोर बोलायला शिकणार कुठून?" असं सासूबाई एकदा हसत हसत म्हणाल्या. त्या विसरल्या. मी नाही.

तर शनिवार-रविवारी आजीचा हात धरून रेवा आमच्या प्रोग्रॅमला यायला लागली. ती बोलेल म्हणून मी कान लावून बसले आणि बोलत सुटले भलतेच लोक! असले किस्से धुवायच्या कपड्यांसारखे असतात. आपण काही करत नाही, टोपली भरलेली असते.

*

अंधेरीतला एक कॅफे. आम्ही जीव तोडून पाऊण तास वाजवलं. अगदी समोरच्या टेबलवर एक बाई तेवढा वेळ शांतपणे बसून. मी मनात म्हटलं, चला, एक तरी दर्दी भेटली!

ब्रेकमध्ये त्या उठून आल्या. "साउंड चेक एकदम झकास झाला हां तुमचा. आता प्रोग्रॅम सुरू करा ना!"

अमोल म्हणाला, "सुरू करतो मॅडम." आणि आम्ही तीच गाणी पुन्हा वाजवली. या वेळी त्यांनी टाळ्या वाजवल्या!

*

बोरिवलीला ज्येष्ठ नागरिकांसमोर सकाळचा कार्यक्रम होता. ब्लूजचं एक आवर्तन बारा घरांचं असतं, दर घरात चार ठोके. पहिल्या रांगेत एक आजोबा डोळे मिटून मांडीवर बोटं मोजत होते. शेजारी रेवा. थोड्या वेळाने बघते तर तिचीही बोटं फ्रॉकवर चालू! तोंड मात्र बंदच.

संपल्यावर आजोबा काठी टेकत आले. "हा आपला विलंबित एकताल. बारा मात्रा, प्रत्येकीचे चार भाग. उगाच इंग्रजी नाव कशाला?"

आम्ही माना डोलावल्या.

"आणि तिसऱ्या गाण्यात तुमचा तबलजी समेवर चुकला."

तबलजी म्हणजे क्लेटन. तो खरंच चुकला होता! आम्ही इतकं सफाईने सावरून घेतलं होतं, की कोणाला कळणं शक्यच नव्हतं.

आजोबांची पाठ वळल्यावर क्लेटन हळूच म्हणाला, "यार, ह्या अंकलला नेक्स्ट टाइम मागे बसव ना!"

*

जोगेश्वरीत एक बारसं होतं. बाळाच्या बापाला जॅझची भारी हौस, म्हणून आम्ही. बाळ झोपलं, म्हणून मी एक संथ ब्लूज काढला. दोन मिनिटांत नऊवारीतल्या एक मालवणी आजी थेट माझ्यासमोर.

"बाय माझे, इतक्या रडक्या कित्याक वाजवतंस? कोण गेला काय?"

"नाही हो आजी, हे संगीतच असं..."

त्यांनी आम्हा तिघांकडे नीट निरखून बघितलं आणि निदान केलं. "आधी जेवून घेवा! पोटात काय नाय म्हणान असा वाजवतास."

तीन पानं मांडून घेतली, समोर बसून वाढलं. तेवढ्यात कीबोर्डच्या स्टँडखाली लपलेली रेवा दिसली, तर तिलाही चौथं पान! आजींनी तिला एकही प्रश्न विचारला नाही, नुसती वडी पुढे केली. रेवाने खाल्ली. दुसरी मागितली, म्हणजे नुसता हात पुढे केला. मला तेवढ्यानेही रडू आलं. आजींना वाटलं, सोलकढी तिखट झाली!

जेवणानंतर आम्ही चांगलं वाजवलं. हे मी कुठेही कबूल करणार नाही.

*

मुलुंडचा किस्सा तर आमच्या टाळ्यांच्या पद्धतीमुळे घडला. जॅझमध्ये एकाचं एकट्याचं वाजवून झालं, की गाणं चालू असतानाच टाळ्या वाजवतात. सुरुवातीला अमोलने हे माइकवरून नीट समजावून सांगितलं. आम्हाला बोलावणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी तेव्हा बाहेर चहाची व्यवस्था बघत होते.

पहिल्याच गाण्यात अमोलने सोलो वाजवला. लोकांनी शिकवल्याप्रमाणे कडकडून टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून सेक्रेटरी धावत स्टेजवर! अमोलच्या खांद्यावर शाल, एका हातात नारळ, आणि माइकवर आभारप्रदर्शन सुरू. हॉलचे आभार, मांडववाल्याचे आभार. क्लेटन बिचारा गाणं तुटू नये म्हणून मागे ड्रमवर हळू हळू तारांचा ब्रश फिरवत राहिला.

"आणि शेवटी," सेक्रेटरी म्हणाले, "मागे इतका वेळ न थांबता वाजवणाऱ्या मुलाचेही आभार!"

उरलेला दीड तास अमोलने शाल पांघरून वाजवलं.

*

आणि घाटकोपर. गेल्या महिन्यातली गोष्ट, सोसायटीचा हॉल. मी एकटीच एक अगदी हळुवार तुकडा वाजवत होते, अमोल आणि क्लेटन थांबलेले. मधल्या रांगेतल्या एका गृहस्थांचा फोन वाजला. त्यांनी तो घेतला.

"हां, हॅलो! पार्सल वॉचमनकडे ठेवा! वॉचमनकडे! अहो, खाकी कपड्यातला!"

सगळे मान वळवून बघायला लागले. कोणी काही बोलेना. मीही खाली मान घालून वाजवत होते. भांडायची हिंमत माझ्यात तरी कुठेय?

पहिल्या रांगेत सासूबाईंच्या शेजारची खुर्ची सरकली. रेवा खुर्चीवर उभी राहिली होती, आमच्याकडे पाठ करून.

"काका, हळू! आई वाजवतेय."

माझा उजवा हात थांबला. डावा सवयीने चालू राहिला, कुठल्या पट्टीत ते विचारू नका. सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. शंभर अनोळखी माणसं, आणि रेवा!

गृहस्थ ओशाळले. फोन खिशात टाकला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सॉरी हां बाळा. काय नाव तुझं?"

संपला कारभार, मी मनात म्हटलं. आता ही खाली बसणार, आजीच्या पदरात तोंड लपवणार आणि परत महिनाभर गप्प होणार.

रेवाने कमरेवर हात ठेवले.

"गप्प बसा ना आता! नाव नंतर सांगते."