हर्मीनच्या बापाच्या बंदुकीवरच्या चौदा खाचा

माझा धाकटा भाऊ हार्डस पोट भरायचा पवनचक्क्या दुरुस्त करून, पण दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या क्लिपक्राल गावात त्याला बोलावणी यायची ती बंदुका ओळखायला. इंग्रजांशी झालेल्या बोअर युद्धातली एक तरी बंदूक आमच्याकडे घराघरात टांगलेली, आणि प्रत्येकाला वाटतं आपली ती नामी जर्मन माउझरच. हार्डस नळीत करंगळी घालायचा, लोखंड हुंगायचा आणि खरं ते सांगून मोकळा व्हायचा. हा सद्गुण समजू नका. त्याच्या डोक्यात दुसरी वाटच नव्हती. पाद्रीबाबांनी आपल्या माउझरवरच्या ताऱ्यावर अख्खं प्रवचन झोडलं, की देवानं आपल्या वाडवडिलांच्या हत्यारावर बेथलेहेमचा तारा उमटवला. हार्डस चर्चच्या दारातच म्हणाला, "बाबा, तो चिली देशाचा शिक्का. त्यांच्यासाठी बनवलेला माल आपण उचलला." पुढे दोन वर्षं पाद्री आमच्या घरी फिरकला नाही. बरंच झालं, माणूस केक फार खायचा.

एकसष्टाव्या वर्षी हार्डसनं विधवा हर्मीनला लग्नाचं विचारलं. शाळेत ती त्याच्या पुढच्या बाकावर असायची. एवढा वेळ लागला. ती म्हणाली, "चर्चच्या जत्रेत बाबांची बंदूक मांडायचीय. तिच्याखालची चिठ्ठी तू लिही. मग तुझ्या प्रश्नाचं बघू."

घोंगडीत गुंडाळलेली बंदूक तिनं आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. दस्त्यावर चौदा खाचा. "चौदा इंग्रज," ती म्हणाली. "दोघांवर आडवी रेघ आहे ना, ते अधिकारी."

तिचा बाप युद्धाबद्दल कधी तोंड उघडत नसे, म्हणून बाकीच्यांनी उघडलं होतं.

हार्डसनं करंगळी घातली. "ही माउझर नाही. ग्वेदेस आहे. पोर्तुगालनं ऑस्ट्रियात बनवून घेतली आणि मग नको म्हणाले. पडून राहिलेला माल आपल्या सरकारनं घेतला. एका वेळी एकच गोळी."

"मग एकेक करून मारले."

"एकही नाही. हिच्यातून गोळी सुटलेलीच नाही, हर्मीन. आत कारखान्यातलं ग्रीस वाळून मेण झालंय."

मी टेबलाखालून लाथ घातली.

"सुस, लाथ का मारतेस?" सुस म्हणजे ताई; थोरल्या बहिणीला तो एवढाच मान देतो.

"आणि खाचा काय उंदरांनी पाडल्या?" हर्मीनचा आवाज चढला.

"खाचा एका वेळच्या नाहीत. पहिली काळी पडलीय, शेवटची वेगळ्याच चाकूची. मधे वीसेक वर्षं गेलीत. युद्ध तर तीन वर्षांतच आटोपलं."

ती उठली. "चिठ्ठी लिहू नकोस. आणि मला परत काही विचारूही नकोस." दार आपटून गेली.

"गाढवा," मी म्हटलं, "जन्मात एकदा खोटं बोलला असतास तर बायको मिळाली असती."

"पण ग्वेदेस आहे ती, सुस." हातातला रस्क कॉफीत विरघळून गेला तरी त्याला पत्ता नव्हता.

अंगणात तिची गाडी काही सुरू होईना. पडद्याआडून पाहिलं तर बाई गाडीत बसून बोटांवर काहीतरी मोजत होती. मग ती आत आली.

"आडव्या रेघा कितव्या खाचांवर आहेत?"

"तिसऱ्या आणि अकराव्या."

हर्मीन खुर्चीवर बसली. "तिसरा यान. आठ महिन्यांचा गेला. अकरावी जन्मतःच." तिनं पाचव्या खाचेवर बोट ठेवलं आणि थोडा वेळ उचललंच नाही. "ही मी."

हार्डसलाही गप्प बसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग तिला हसू फुटलं, डोळे पुसता पुसता. "चौदा भावंडं आम्ही! आणि म्हणायचो इंग्रज! आई बिचारी समोर बसून ऐकायची."

"कामगिरी आईची, नाव बापाचं," मी म्हटलं.

हार्डसनं चिठ्ठी लिहिली: ग्वेदेस. एकही गोळी झाडलेली नाही. खाचा मुलांच्या. जत्रेत पाद्रीबाबांनी ती दोनदा वाचली आणि ते केककडे वळले.

हर्मीन तिथेच, सगळ्यांदेखत हार्डसला म्हणाली, "तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर हो. पण पंधरावी खाच पाडायचं माझं वय गेलं, आत्ताच सांगते."

हार्डसनं चष्मा लावून दस्ता नीट पाहिला. "जागाही नाही," तो म्हणाला.