वसंताबाईंची चुकांची वही

मद्रासच्या एका कॉलेजात वसंताबाई इंग्रजी शिकवत. घरी तंजावरी मराठी आणि दाराबाहेर तमिळ बोलत वाढल्यामुळे माणूस परकी भाषा कशी शिकतो, याचं त्यांना भारी कुतूहल. सहा वर्षं विद्यार्थ्यांच्या चुका वहीत टिपून त्यांनी त्यावरच प्रबंध लिहिला.

१९६४ साली विभागप्रमुखपदाच्या मुलाखतीत एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी हसून विचारलं, "चुकांवर कसलं संशोधन, अम्मा?"

"सर, 'आय ॲम गोइंग' बरोबर, म्हणून मुलगा 'आय ॲम नोइंग' म्हणतो. तो नियम पाळूनच चुकतो. आपण नुसतं लाल शाईनं खोडतो."

पद त्यांनाच मिळालं. घोकंपट्टी थांबवून त्यांनी मुलांना वर्गात बोलतं केलं. वर्षअखेर नापासांची संख्या निम्म्यावर आली, तेव्हा शेजारच्या कॉलेजातले शिक्षकही त्यांच्या तासाला येऊन बसू लागले.