गुरुवारी चार वाजता, समक्ष

भोर आणि वेल्हे हे दोन तालुके पालथे घातले, तरी निव्वळ चहा पिण्यासाठी इस्त्रीचे कपडे घालून घराबाहेर पडणारा पुरुष एकच सापडेल, आणि तो माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आलेला आहे. 'निव्वळ' हा शब्द मी जपून वापरतोय. चहा आमच्याकडे सगळेच पितात. उभ्यानं पितात, मोटारसायकलवर एक पाय टाकून पितात, टेम्पो चालू ठेवून पितात, तलाठ्याची वाट बघत पितात आणि मयतीहून परतताना तर हमखास पितात. पण टेबलावर पांढरी चादर, कपाखाली बशी, किटलीतून ओतलेला चहा, तासभर बैठक, तीही पुरुषांची, आणि त्यात कुणाचं कुणाकडे काही काम नाही, हा प्रकार साडूंच्या आधी आमच्या भागात झाला नव्हता. त्यांच्यानंतर होईल असं मला वाटत नाही.

याची सुरुवात नसरापूर फाट्याजवळच्या नव्या हॉटेलपासून झाली. शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याला जाणारी पुण्याची मंडळी तिथं उतरतात. दुपारी चार ते पाच खास चहा मिळतो. तीन मजल्यांच्या ताटलीत काकडीचे सँडविच, बोटाएवढे केक, आणि किटली थंड होऊ नये म्हणून तिला घातलेलं लोकरीचं टोपडं. साडूंनी भोरहून येताना एसटीच्या खिडकीतून हा फलक वाचला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात येऊन उभे राहिले. नसरापुरात माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि ते गुरुवारी बंद असतं, ही माहिती त्यांनी माझ्याविरुद्ध वापरली. "पावनं, बायका हळदीकुंकवाला जात्यात, भिशीला जात्यात. नटून-थटून बसत्यात, हसत्यात, घरी येत्यात. बापय गडी कुठं बसतो का तसा? त्याला बसायला कारन लागतं. कुणीतरी मरावं लागतं न्हाईतर कुणाचं तरी लगीन निघावं लागतं." मी म्हणालो, "साडूभाऊ, पुरुषांना असलं आवडत नाही." ते म्हणाले, "आवडत न्हाई का करून बगितलं न्हाई, ह्ये आधी ठरवू." साडूंनी एकदा 'ठरवू' म्हटलं की ठरवायचं काही उरलेलं नसतं.

पहिल्या गुरुवारी आम्ही दोघंच होतो. मिशीवाल्या वेटरनं विचारलं, "मॅडम मागून येणार आहेत का?" साडू म्हणाले, "मॅडम घरी झोपल्यात. आमी आलोय ते बघ की." मग त्यांनी टेबल हलवून पाहिलं. ते किंचित डुलत होतं. साडूंनी खाली वाकून, एक डोळा मिटून चारही पायांचा अंदाज घेतला, खिशातून कागदाची घडी काढली, ती नेमकी एका पायाखाली सारली आणि टेबल असं घट्ट बसवलं की वेटर ते पुसायलाही हळूच आला. खुर्च्या सरळ रेषेत नव्हत्या म्हणून त्याही त्यांनी लावून घेतल्या. शेजारच्या टेबलावरची पुण्याची दोन माणसं आपोआप नीट बसली.

हे का, तर साडू जन्मभर सरकारी मोजणीदार होते. या दोन तालुक्यांत ज्याच्या बांधावरून त्यांची साखळी गेली नाही असा माणूस विरळा. निवृत्त झाले तरी त्यांची नजर अजून हद्दी शोधत असते आणि त्यांची लेखणी फक्त नोटीसच लिहू शकते. चहाची निमंत्रणंसुद्धा ते हातानं लिहून, स्वतः घरोघर जाऊन, सही घेऊन देतात. मजकूर असा: 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, येत्या गुरुवारी दुपारी ठीक चार वाजता चहापान ठेवण्यात आले आहे. तरी आपण समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपल्या गैरहजेरीत चहा घेण्यात येईल, याची नोंद घ्यावी.' आता हे पत्र त्यांच्याच हातून मिळाल्यावर शेतकरी माणसानं काय समजावं? भोंगवलीचे शंकरराव पहिल्यांदा आले ते एकटे आले नाहीत. दोन भाऊ, एक चुलता, शेजारच्या गटाचा मालक आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, फेरफार, आधार कार्ड असा सगळा जामानिमा घेऊन आले. "साहेब, कागद सगळं हायेत, फकस्त वारसाची नोंद ऱ्हायलीया," असं म्हणून त्यांनी पिशवी केकच्या ताटलीशेजारी ठेवली. साडूंनी शांतपणे सांगितलं, "शंकरराव, काम काय बी न्हाई. च्या प्यायला बोलावलंय." भावांनी एकमेकांकडे पाहिलं. चुलता कानात कुजबुजला, "मोटं काम दिसतंय." साडूंनी पंधरा-वीस मिनिटं परोपरीनं समजावलं, पण काही काम नाही हे या पाच माणसांना शेवटपर्यंत पटलं नाही. भाऊ आणि चुलता संशय घेऊनच परत गेले.

शंकरराव मात्र पुढच्या गुरुवारी एकटेच आले, धुवट टोपी घालून. सँडविच उलटंसुलटं करून त्यांनी विचारलं, "ह्याच्या कडा कुनी खाल्ल्या?" मग चहा बशीत ओतला आणि असा काही ओढला की शेजारच्या टेबलावरच्या पुण्याच्या बाईंनी दचकून मागं पाहिलं. साडूंनी लगेच आपलाही चहा बशीत ओतला. मग मीही ओतला. त्या दिवशी शंकररावांनी आम्हाला त्यांच्या तरुणपणी हरवलेल्या एका म्हशीची गोष्ट सांगितली, आणि साठी ओलांडलेला तो माणूस सांगता सांगता इतका हसला की टोपी काढून डोळे पुसू लागला. ही गोष्ट त्यांनी घरात कधी सांगितली नव्हती, विचारलं तर म्हणाले, "कुनी बसूनच ऐकलं न्हाई." पुरुषांना हे आवडतं का, हा प्रश्न मी त्यानंतर काढला नाही. गुरुवारी साडेतीनलाच माझा दाढीचा साबण बाहेर पडतो हे बायकोनंही पाहिलं आहे. "दाजींनी तुम्हाला बिघडवलं," ती म्हणते, आणि शर्टाला इस्त्री करून ठेवते.

पण साडूंचा हा सगळा खटाटोप माझ्यासाठी नव्हता आणि शंकररावांसाठी तर नव्हताच. तो होता शिवऱ्याच्या बाबूभाईंसाठी. बाबूभाई मुलाणींचं हायवेला टायर-पंक्चरचं दुकान आहे. साडू आणि ते भोरच्या शाळेत एका बाकावर होते, आणि सुट्टीत साडूंचा मुक्काम शिवऱ्याला बाबूभाईंच्या अम्माकडे असायचा. पुढं साडू नोकरीला लागले आणि त्यांनी एक नियम केला. मोजणीच्या दिवशी कुणाचाच चहा घ्यायचा नाही. एका बाजूचा कप तोंडाला लावला की दुसऱ्या बाजूला वाटतं, बांध सरकला. म्हणून ते घरून थर्मास नेत. तोही कुणाकडे तोंड करून पितात यावरून लोक अर्थ काढू लागले, तेव्हा झाडाकडे तोंड करून पीत. वेल्ह्याच्या डोंगरपट्टीत एकदा जवळपास झाड नव्हतं, तर हा माणूस दिवसभर चहावाचून राहिला. अशा कडक नियमानं त्यांनी नोकरी केली आणि स्वच्छ बाहेर पडले. फक्त एक झालं. या माणसाला चहा विचारायचा नसतो, ही सवय दोन तालुक्यांना लागली. निवृत्तीनंतर साडू कुठंही गेले तरी लोक उठून उभे राहतात, खुर्ची देतात, पाणी देतात. चहा कुणी विचारत नाही.

बाबूभाईंचं मात्र सवयीचं नव्हतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या आणि चुलतभावाच्या रानाची मोजणी साडूंकडेच आली. अम्मा कितीतरी दिवसांनी पोरगा आला म्हणून चहाची किटली घेऊन उन्हातून रानात आल्या. साडूंनी हातातली साखळी न सोडता सांगितलं, "पक्षकाराचा चहा घेता येत नाही." ज्या बाईनं लहानपणी त्यांना जेवू घातलं, तिला ते पक्षकार म्हणाले. अम्मा बराच वेळ कप धरून उभ्या राहिल्या आणि मग चहा बांधाच्या कडेला ओतून घरी गेल्या. मोजणी चोख झाली. बाबूभाईंनी तिच्यात कधी चूक काढली नाही. त्या दिवसापासून ते साडूंना 'साहेब' म्हणू लागले, एवढंच.

साडू दर मंगळवारी शिवऱ्याला जात. बाबूभाई खुर्ची पुसून देत, "बसा साहेब," म्हणत, पत्र घेत, सही करून देत, आणि पत्र टायरच्या रॅकवरच्या खिळ्याला लावून टाकत. गुरुवारी येत नसत. असं किती महिने चाललं ते मी मोजलं नाही, पण खिळा दिसेनासा झाला होता. साडूंना ताप होता तेव्हाही ते मफलर गुंडाळून गेले. मी वैतागून म्हणालो, "अहो, तिथंच दुकानात सांगून टाका ना, माझं चुकलं म्हणून." ते म्हणाले, "टायरमधी हवा भरतोय, गिऱ्हाईक हुबं हाय, आन मी म्हनू चुकलं? त्याला बसायला लावनार. समोर बसंल तवाच सांगनार." मी म्हटलं, "आणि नाहीच आला तर?" "तर पुढच्या गुरवारी." त्यांच्या आवाजात राग नव्हता, उतावीळपणा नव्हता. चेहऱ्यावर फक्त गट नंबर वाचल्यासारखा ठामपणा होता.

आणि एका गुरुवारी बाबूभाई आले. कुणाला न सांगता, चार वाजून दहा मिनिटांनी. हात साबणानं धुतलेले, पण नखांतलं काळं तसंच. शंकरराव सरकून बसले. साडूंनी एक थेंब न सांडता कप भरला आणि पुढं केला. बाबूभाईंनी कपाला हात लावला नाही. आम्ही हवापाण्याचं बोललो, ऊस तोडणीचं बोललो. शंकरराव न राहवून म्हणाले, "घ्या की बाबूभाय, गार व्हतोय."

"व्हऊ द्या," बाबूभाई म्हणाले. मग साडूंकडे पाहून बोलले, आणि साहेब म्हणाले नाहीत. "बघ कसा गार झाला. तिनं आसाच धरला व्हता, तू साखळी वडत व्हतास तवर."

"ठावं हाय," साडू म्हणाले. "म्या बगत व्हतो. मान वर केली न्हाई, पर बगत व्हतो. चुकलो म्या, बाबू. ह्येच सांगायला बोलावतोय तुला."

"मला कशाला बोलावतोस? त्यो च्या काय माझा व्हता? मला पाजून काय व्हनार? तू प्यायला पायजे, तिच्या हातचा."

साडू एवढ्या गणिती डोक्याचे, पण हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. इतके महिने ते चहा पाजायची तयारी करत होते. ते तसेच उठले. शंकरराव म्हणाले, "तुमी जावा, म्या हितलं संपवतो," आणि आम्ही तिघं बाबूभाईंच्या टेम्पोत बसून शिवऱ्याला निघालो.

अम्मा ओसरीत खाटेवर बसल्या होत्या. नजर अधू झालेली, आणि आठवणही. बाबूभाईंनी सांगितलं, "अम्मा, भोरचा हाय. माझ्या वर्गातला." "आसंल," अम्मा म्हणाल्या आणि हातानंच खाट दाखवली. साडू खाटेवर बसले नाहीत. जमिनीवर, त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगू लागले. मोजणी, ऊन, किटली, आपण काय बोललो तेही, एकही शब्द न गाळता. अम्मा मान डोलावत, दुसऱ्या कुणाची तरी हकिगत ऐकावी तसं ऐकत होत्या.

"मंग? ती बाई काय म्हनली?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई म्हनली. च्या वतून दिला आन गेली घरी."

"बिचारी," अम्मा म्हणाल्या.

बाबूभाई तोंड फिरवून उठले आणि आत गेले. आमच्या साडूंनी हा क्षण किती वर्षं मनात रंगवला होता कुणास ठाऊक. त्यात अम्मा रागावल्या असतील, रडल्या असतील, कदाचित माफही करत असतील. ज्यांची माफी मागायची त्यांनाच काही आठवत नसेल, असं त्यांनी धरलं नव्हतं. मला त्या वेळी त्यांच्याकडे बघवेना.

सुनेनं चहा आणला. अम्मांनी तो तिला देऊ दिला नाही. पदरानं धरून, दोन्ही हातांनी तो गरम ग्लास त्यांनी स्वतः पुढं केला. साडूंनी दोन्ही हातांनी घेतला. पहिला घोट घेतला आणि ते थांबले. त्यांचे डोळे भरून वाहत होते, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

अम्मांना दिसलं नाही, पण पाहुणा पीत नाही एवढं कळलं. त्या वाकून म्हणाल्या, "आलं लई झालं का रं, बाबा?"

साडूंनी मान हलवली. एका दमात ग्लास रिकामा केला आणि पुन्हा पुढं धरला.